पप्पांच्या जीपीएसमधल्या हिरा

गेल्या आठवड्यात आमच्या घरात एका पायथन स्क्रिप्टवरून, म्हणजे मी लिहिलेल्या छोट्याशा कॉम्प्युटर प्रोग्रॅमवरून, भांडण झालं... आणि मी अजून हवेत आहे, म्हणून लिहितेय.

आम्ही वर्सोव्याचे कोळी. पप्पा आमच्या बोटीचे तांडेल, म्हणजे समुद्रात त्यांचाच शब्द शेवटचा. मी अंधेरीत एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि पप्पांच्या मते दिवसभर एसीत बसून टायपिंग करते.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला, बोट निघायची तयारी झाली... आणि जुन्या जीपीएसने मान टाकली. त्यात पप्पांनी वर्षानुवर्षं साठवलेले पॉइंट होते. मासळी कुठे लागते ते, आणि त्याहून महत्त्वाचं, पाण्याखाली खडक कुठे आहेत ते. खडकात जाळं अडकलं की फाटलंच समजा, आणि सीझनच्या पहिल्याच फेरीत जाळं गेलं तर पूर्ण वाट.

नवं मशीन आणलं, पण दुसऱ्या कंपनीचं. जुन्या मशीनच्या मेमरी कार्डवरची फाइल ते उघडेचना. दुकानदार म्हणाला, सगळे पॉइंट हाताने टाका. पप्पा पुन्हा पुन्हा जुन्या मशीनचं बटण दाबत बसले.

मी कार्ड लॅपटॉपला लावलं... आणि चक्क ओरडले. आत साधी एक्सएमएल फाइल होती! एक्सएमएल म्हणजे डब्यात डबा, आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. पॉइंटच्या डब्यात नावाचा डबा, अक्षांशाचा डबा, रेखांशाचा डबा. नव्या मशीनलाही एक्सएमएलच हवी होती, फक्त चिठ्ठ्या वेगळ्या.

अरे, हे तर माझं रोजचं काम! पायथनमध्ये एक्सएमएल वाचायचं मॉड्यूल, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, तयार मिळतं, आपण फक्त हाक मारायची. नावांच्या मागेपुढे जुन्या मशीनने कसला कसला कचरा चिकटवला होता, तो टेक्स्ट साफ करायच्या दुसऱ्या मॉड्यूलने झाडून काढला. काय मजा येत होती यार... चहा कधी गार झाला कळलंच नाही.

स्क्रिप्ट चालवली. किती पॉइंट वाचले आणि किती लिहिले, हा आकडा मी नेहमी शेवटी छापून घेते. वाचले चारशेच्या वर. लिहिले... जेमतेम साठ!

शोधलं तर चूक माझीच. मी प्रत्येक पॉइंट त्याच्या नावाखाली ठेवत होते, आणि त्याच नावाचा दुसरा आला की पहिला पुसला जात होता. ऑफिसात आम्ही नावं वेगवेगळीच असणार असं धरून चालतो. इथे मात्र एकच नाव शेकड्याने होतं... हिरा.

हिरा म्हणजे माझी आई.

"पप्पा, या एवढ्या हिरा कसल्या?"

पप्पांनी आधी स्वयंपाकघराकडे बघितलं. "हळू बोल ना. खडक हायत ते."

"खडकांना आईचं नाव?"

"बटनं दाबून एकेक अक्षर शोधावं लागतं, लहान नाव बरं पडतं. आणि तिथं जाळं फाटलं तर घरी येऊन कुणाचं ऐकावं लागतं, सांग?"

माझी हसून हसून पुरेवाट झाली. नावाखाली ठेवायचं बंद केलं, सगळे पॉइंट ओळीने लावले. नव्या मशीनला एकच नाव दोनदा चालत नव्हतं, म्हणून नंबर दिले. हिरा १, हिरा २... परत चालवली, आणि जितके वाचले तितके लिहिले! एकसुद्धा खडक हरवला नाही. मी खुर्चीतच नाचले.

नेमकी त्याच वेळी आई मागे येऊन उभी राहिली. "ही हिरा एकशे चाळीस कोण गं?"

मला खरं सांगावं लागलं. मग जे काही झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पप्पा चप्पल घालून थेट धक्क्यावर पळाले, आणि त्यांच्या वाटणीचं मी ऐकून घेतलं.

नंतर आई माझ्याशेजारी बसली. मी नकाशा उघडून दाखवला... निळ्या पाण्यात लाल ठिपकेच ठिपके. ती एकेका ठिपक्यावर बोट फिरवत गेली. मग म्हणाली, "एवढ्यांतून वाट काढून घरी येतो होय हा?" आणि उठता उठता, "नाव राहू दे. बदलू नको."

नव्या मशीनला खडक जवळ आला की अलार्म वाजवायची सोय आहे. बोट निघायच्या आधी मी ती सगळ्या हिरांना लावून टाकली.

काल बोट परतताना रेंजमध्ये आली आणि पप्पांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"अगं, तुझी आई इथंपण ओरडत होती. जरा कुठे बोट वळवली की लगेच सुरू! पण जाळं एकदम शाबूत हाय."

आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "मग ऐकत जा," म्हणाली, आणि डोळे पुसत आत गेली.

ती मॉड्यूल्स ज्यांनी लिहून जगाला फुकट दिली, त्यांना मी ओळखत नाही. पण कुठे असाल तिथे मनापासून थँक्यू... तुमच्यामुळे पप्पा समुद्रात गेले, तरी आई त्यांच्यासोबत असते.