आत्याबाईंची टाकी

आत्याबाई दुकानातल्या प्रत्येक टाकीत डोकं घालून बघायच्या. नुसतं बघून भागायचं नाही. आत "ए माय" अशी हाक मारून घुमलेला आवाज कान देऊन ऐकायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मराठवाड्यात सासूला आत्याबाईच म्हणतात, आणि मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये निम्मा जन्म काढूनही त्यांनी मराठवाडा सोडला नव्हता.

माठ वाजवून घ्यायचा ही त्यांची जुनी सवय. प्लास्टिकची टाकीही त्या बोटांच्या पेरांनी वाजवत सुटल्या. दुकानदार वैतागून म्हणाला, "माताजी, प्लास्टिक है, सब एक जैसा बजेगा." आत्याबाई म्हणाल्या, "वाजू दे. घरात न्यायच्या आधी बोलून तर बघावं का न्हाई?" त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं बसायला स्टूल मात्र पुढे केलं.

टाकी हवी होती चेणे गावातल्या घरासाठी. ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही तिथं छोटंसं बैठं घर बांधलं होतं. नळाला पाणी यायचं ते त्याच्या मर्जीनं, आणि पावसाळ्यात पत्र्यावरून धो धो पाणी वाहून जायचं. ते बघून आत्याबाईंचा जीव तुटायचा. "डोळ्यांदेखत चाललंय की रे लेकरा," असं त्यांनी मुलाला इतकं ऐकवलं, की शेवटी आम्ही टाकी आणायला निघालो.

ह्यांना हवी होती उंच टाकी, घरामागे ठेवायला, कुलूपवाल्या झाकणाची. आत्याबाईंनी पसंत केली बुटकी, रुंद तोंडाची. "माझा हात तळाला पोचला पायजे. घासणार कोण, तुझा बाप?" सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे तो वाद तिथंच मिटला.

खरी कुरबुर झाली ती नळावरून. टाकी पुढच्या कुंपणाला लावायची आणि नळ भिंतीतून बाहेर, रस्त्यावर काढायचा, असं आत्याबाईंचं म्हणणं. हे उडालेच. "आई, काय बोलतेयस? आपण साठवायचं आणि रस्त्यावरच्यांनी न्यायचं? कुणाला लागलं तर बेल वाजवेल, देऊ ना आपण."

आत्याबाई गावाकडचं कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"देऊ म्हनतोस. आमाला बी देतच हुते. आपल्या लोकांना हिरीवर चढायची सोय नव्हती. घागर ठिवून लांब हुबं ऱ्हायचं. कुनाला दया आली तर वरून वतायचा. पानी म्होरं दिसायचं, पर हात लावायचा न्हाई. माझ्या दारात कुनी पानी मागायचं न्हाई. आपल्या हातानं घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी प्लंबरला बोलावून, स्वतः शेजारी उभं राहून ह्यांनी भिंतीला भोक पाडून घेतलं.

त्यानंतर आत्याबाईंचा पावसाळा टाकीपाशीच जायचा. पाइपच्या तोंडाला त्यांच्याच जुन्या पांढऱ्या लुगड्याचं फडकं. सुरुवातीच्या सरींनी पत्रा धुऊन निघाला, की मगच पाणी आत घ्यायचं. हळूहळू रिक्षावाले, गवंडी, भाजीवाली, सगळे त्या नळावर यायला लागले. कुणी किती नेलं हे आत्याबाईंनी कधी विचारलं नाही. नळ टपकत ठेवून गेलात तर मात्र तुमची धडगत नसे. कधीकधी टाकी कोरडी पडायची, हे धुसफुसायचे, आणि आत्याबाई खुशाल चहा मागायच्या.

मागच्या भाद्रपदात त्या गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला हाक न मारता.

स्मशानातून माणसं परतायची वेळ झाली तशी मी रीतीप्रमाणे बादली भरली आणि तांब्या घेऊन फाटकात उभी राहिले, येणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायला. माझ्यापर्यंत कुणी आलंच नाही. सगळे बाहेर नळाशीच थांबले. एकेक जण वाकत होता, आपल्या हातानं नळ सोडून हातपाय धूत होता आणि मागच्याला जागा करून देत होता. त्यांच्यातच शेवटी हे उभे होते, मान खाली घालून.

मी तांब्या खाली ठेवला, फाटकाबाहेर गेले आणि ह्यांच्या मागे रांगेत उभी राहिले.