आईचे चार दिवस

शतावरी कल्प दुधात ढवळला की वेलचीचा वास येतो आणि पन्नाशीला टेकलेली मी कोल्हापुरातल्या आमच्या मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहते.

तेव्हा मी दहावीला होते. आई महिन्याचे चार दिवस त्या खोलीत बाजूला बसायची आणि बारा माणसांच्या भाकऱ्या माझ्या गळ्यात पडायच्या. त्या दुपारी तिला ताट द्यायला गेले, तर भर थंडीत खिडकी सताड उघडून, मानेवर ओला टॉवेल टाकून ती हाच कल्प पीत होती. डब्यावर लिहिलं होतं, ‘पाळी गेल्यावरच्या त्रासावर’.

“आई, तुझी पाळी गेलीया व्हय?”

“वरीस झालं की,” ती हळूच म्हणाली. “आजीला सांगू नगंस. चुलीपासनं सुटायला एवढं चारच दिवस हायती माझं.”

माझी बोटं तव्यानं पोळलेली. मी तणतणत गेले आणि आजीला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून आई चुलीपुढं. घामानं निथळायची, पदरानं तोंड पुसायची, पुन्हा पीठ मळायला घ्यायची.

त्यानंतर मला कधीच भाकऱ्या थापाव्या लागल्या नाहीत.