भीमाबाईला दूध ऐकू आलं

माझी मोठी बहीण भीमाबाई जबलपूरच्या लग्नांत सत्तावीस वर्षं कॉफी देत आली. मंडपाच्या एका कोपऱ्यात तिचं पितळी मशीन, आणि कानाशी बँड. तिथल्या कॉफीला सगळे एस्प्रेसो म्हणतात. कपात साखर आणि कॉफी घोटायची, वर वाफेनं फुगवलेलं दूध ओतायचं, आणि फेस टोपीसारखा उभा राहिला की त्यावर चॉकलेटची भुकटी भुरभुरायची.

मशीन माझे भाऊजी टिकाराम यांचं. ते गेले आणि बाई त्या जागी उभी राहिली. त्यांचा एक नेम तिनं कधी मोडला नाही. मशीन तापलं की पहिला कप नवरीच्या आईला. ती सकाळपासून उभी असते, आणि तिला कुणी विचारत नाही.

पण आता केटरिंगवाले आपली मशीनं आणि आपली माणसं घेऊन येतात. दोन हंगाम बाईला कुणी बोलावलं नाही. रायपूरहून तिची लेक ज्योती रोज फोन करायची, "आई, इकडेच ये आता." बाईचा जीव जबलपूर सोडायला तयार नव्हता. अशात जबलपुरातल्याच गोरखपूर भागात विनता नावाच्या बाईंनी नवं कॉफीचं दुकान काढलं. त्यांनी भीमाबाईला कॉफी करून दाखवायला बोलावलं. जमलं तर ठेवणार, नाही तर रायपूर. सोबतीला म्हणून मी माझ्या गावाहून, कुंडमहून, सकाळच्या बसनं आलो.

विनताबाईंनी नीट समजावलं. "मावशी, तिन्हींत कॉफी तीच, दूधही तेच. फरक फेसाचा. कॅपुचिनोत फेस जाड. लातेमध्ये दूध भरपूर, फेस पातळ. फ्लॅट व्हाइट लहान कपात, दूध कमी, फेस नावालाच."

बाईनं मान हलवली आणि तीन कप केले. तिन्हींवर सारखीच उंच टोपी. मग पिशवीतून डबी काढून तिन्हींवर भुकटी.

विनताबाई हसल्या. "मावशी, ह्या तर तिळ्या झाल्या!"

"दीदी, फेस कमी दिला तं लोक म्हणते, बाईनं हात आखडला. लग्नघरची इज्जत जाते."

"अच्छा, पण हे लग्न नाही ना."

बाईचा चेहरा उतरला. मला ते पाहवेना. मी म्हणालो, "चल बाई, रायपूरचं तिकीट काढू."

"तू चूप बस. काहून घाई करून राहिला?" मग ती विनताबाईंकडे वळली. "दीदी, एकडाव तुम्ही करा. अन् ते गाणं जरा बंद करा."

गाणं थांबलं. विनताबाईंनी वाफेची नळी दुधात धरली. कोरा कागद हळूहळू फाटावा तसा आवाज आला, आणि नळी खोल जाताच नुसती घुमघुम उरली. भीमाबाई डोळे मिटून उभी होती.

"दूध बोलते!" ती म्हणाली. "इतके वर्षं मले ऐकूच नाही आलं."

येणार कसं? बँडच्या दणक्यात तिला दूध कळायचं ते भांड्याला लावलेल्या तळहातानं. किती तापलं ते हात सांगायचा, किती फुगलं ते नाही; फेस वाढतो तो कागद फाटल्याचा आवाज चालू असेपर्यंत.

"चलो, आता तुम्ही," विनताबाई म्हणाल्या.

बाईनं पुन्हा दूध घेतलं. तळहात भांड्याला, कान दुधाला. फ्लॅट व्हाइटला कागद जेमतेम फाटू दिला आणि नळी खाली नेली. लातेला त्याहून थोडा जास्त. कॅपुचिनोला मात्र मन भरेपर्यंत फाटू दिला. तीन कप, तीन चेहरे. सवयीनं हात डबीकडे गेला आणि थबकला.

"कॅपुचिनोवर टाका ना. छान दिसते," विनताबाई म्हणाल्या.

बाईनं भुकटी टाकली. मग फ्लॅट व्हाइटचा कप उचलून विनताबाईंच्या हातात दिला. "पहिला तुमचा. सकाळपासून उभ्या आहा. कोणी इचारलं नसंल."

विनताबाईंनी कप घेतला. स्टूल ओढून बसल्या आणि कप रिकामा केला. ओठांवर फेसाची पुसट रेघ तशीच ठेवून म्हणाल्या, "उद्या दहाला या, मावशी. डबी घेऊनच या."

मला बसपर्यंत सोडायला येताना बाईनं ज्योतीला फोन लावला.

"येईन ना रायपूरले," ती म्हणाली. "पाहुणी म्हणून येईन. चार दिवसांसाठी."