गुरुजींची रेस आणि कापलेली एक मीटर टेप

आज स्मशानात उभा राहून मी खोटं बोललो.

जाणूनबुजून. आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

वाघमारे गुरुजी सकाळी गेले. वय झालं होतं, झोपेतच गेले. तामसीच्या शाळेत ज्यांनी आम्हाला आणि नंतर आमच्या पोरांना शिकवलं, ते गुरुजी.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. बसस्टँडजवळ माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं. दोन मेलेल्या व्हीसीआरमधून मी एक जिवंत केला होता. कुठलाही कोर्स न करता. (ज्यांना शंका आहे त्यांनी दुकानात यावं, अजून चालतो.)

गुरुजींच्या मेहुण्यानं हैदराबादहून एक कॅसेट आणली. गाड्यांच्या रेसचं कार्टून. इंग्रजी.

रविवारी दुपारी शाळेच्या वऱ्हांड्यात माझी मशीन, माझा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, समोर शंभरेक पोरं.

गुरुजींनी आवाज बंद केला आणि स्वतः बोलायला लागले.

"हे चार नंबर, आपल्या तामसीची. सात नंबर वडगावची. नऊ टाकळीची. अन् ते मागून धूर सोडून राह्यली, ते अकरा नंबर, गुड्याची!"

शाळेत याच चार गावांची पोरं. वऱ्हांडा नुसता पेटला.

"अन् दोन नंबर, गुरुजी?"

"ते तहसीलदार साहेबाची. तिच्याकडं पाहू नका."

शेवटचं वळण आलं आणि मशीननं टेप खाल्ली.

चूक माझी. टेप ओढणारा रबरी पिंच रोलर घासलेला होता, मी चालवून घेतला. चुरगळलेली टेप कापली आणि सेलोटेपनं जोडली. सेलोटेप! त्याचा गोंद हेडला चिकटतो हे तेव्हा माहीत नव्हतं. आता सांगतो.

कापली ती एक मीटर. आपल्याकडच्या पाल सिस्टीममध्ये व्हीएचएस टेप सेकंदाला २.३४ सेंटिमीटर चालते. म्हणजे पावणेत्रेचाळीस सेकंद गेले. नेमके शेवटच्या रेषेचे. वळणानंतर थेट बनवणाऱ्यांची नावं.

"गुरुजी, कोन जितलं?"

गुरुजींनी ते आधी हैदराबादला मेहुण्याकडे अख्खं पाहिलं होतं. म्हणाले,

"वडगाव."

पुढच्या रविवारी तीच कॅसेट पुन्हा लावली, तेव्हा म्हणाले, टाकळी. त्याच्या पुढच्या रविवारी परत वडगाव.

मला वाटायचं, गुरुजी विसरले.

मग गुरुजींच्या बदल्या झाल्या, कॅसेट त्यांच्या ट्रंकेत गेली. दोन हजार पाचच्या सुमारास गुरुजी परत तामसीला आले, रिटायरमेंटला दोन वर्षं असताना. एक दिवस दुकानात आले. हातात तीच कॅसेट, पांढरी बुरशी लागलेली.

"दिगू, हे पुन्हा चालू कर. आता त्या पोराईच्या पोराईले दाखवाचं हाय."

पाच दिवस लागले. टेप हातानं उलगडून, फुटाफुटानं स्पिरिटनं पुसली. कॅसेटची प्लास्टिकची पेटी नवी बसवली. आणि न सांगता अजून एक काम केलं. नागपूरच्या एका व्हिडिओ लायब्ररीतून तेच कार्टून अख्खं मिळवलं, शेवट कोऱ्या टेपवर घेतला आणि जागेवर जोडला. या वेळी जोडकामाच्या खऱ्या स्प्लायसिंग टेपनं. सांधा दिसला तर नाव बदलीन.

गुरुजींना दुकानात बसवून दाखवलं.

शेवटचं वळण. रेषा.

जिंकली दोन नंबर. साहेबांची.

मी त्यांच्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी.

"काऊन जोडलं बे?"

"गुरुजी, पूर्ण नको काय?"

"काढून टाक."

मला राग आला. पाच दिवसांचं काम! म्हणालो, "तुमी पोराईले खोटं सांगता, ते चालते?"

गुरुजी चिडले नाहीत. पिशवीतून हजेरीचं रजिस्टर काढलं, माझ्यासमोर उघडलं. वेचणीचे दिवस. पानावर गैरहजेरीच गैरहजेरी.

"सारे कापूस वेचून राह्यले. मी बी वेचला हाय, बापासंगं, साहेबाच्याच वावरात. ज्या गावची पोरं हप्ताभर शाळेत येते, रविवारी त्याची गाडी जितते. आता त्याईले दाखवू काय, का कितीबी पळा, शेवटी साहेबच जितते?"

मी ब्लेड घेतलं. माझा आयुष्यातला सगळ्यात चांगला सांधा माझ्याच हातानं कापला.

त्या रविवारी मात्र कलर टीव्ही. पुढे नवी पोरं, मागे भिंतीला टेकून त्यांचे बाप, म्हणजे आमचे जुने प्रेक्षक. दोन मिनिटांत मागून आवाज आला:

"अबे, आपली गाडी गुलाबी व्हती काय?"

टाकळीचे सगळे बाप एकदम शरमले. गुरुजी हसून हसून खाली बसले. कॉमेंटरी थांबली ती पाच मिनिटं.

महिनाभरानं गुरुजी दुकानात आले, रजिस्टर उघडून ठेवलं आणि चहा पिऊन गेले. गुड्याच्या पोरांच्या ओळी पहिल्यांदाच भरलेल्या होत्या. पूर्ण.

दुसऱ्यांदा कापलेली ती एक मीटर टेप माझ्याकडे आहे. पत्र्याच्या डबीत. आजपर्यंत कुणाला दाखवली नाही.

आज चारही गावं आली होती. गुड्याची माणसं सगळ्यात आधी, चालत, एकही घर मागं राहिलं नाही. त्यांच्यातला एक, आता स्वतः मास्तर आहे, जवळ येऊन हळूच म्हणाला,

"दिगूकाका, कॅसेट तर तुमीच दुरुस्त केली. सांगा न, कोन जितलं व्हतं?"

ज्यांनी माझ्याकडून काही दुरुस्त करून घेतलं आहे त्यांना माहीत आहे, मी अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे सांगत नाही.

मी म्हणालो, "अकरा नंबर. गुड्याची."

गुरुजी, हजेरी पाहून सांगितलं.

तामसीच्या वऱ्हांड्यातून तुम्हाला शेवटचा नमस्कार.