कंपनीने बंद केलेली गाडी आणायला: नगर ते भंडारदरा

भंडारदऱ्याला मी पहिल्यांदा गेले ती फिरायला नाही, गाडी विकत आणायला. बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा होता. आता तिकडे तंबू टाकून राहायला जाणारी मुलं मला रस्ता विचारतात, राहायचं कुठे, खायचं काय विचारतात. ते सगळं सांगते. पण माझ्या भंडारदऱ्याची गोष्ट या गाडीशिवाय मला सांगता येत नाही, तेव्हा तीही ऐकून घ्या.

माझे वडील, याकोब साळवे, नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात ड्रायव्हर होते. दवाखान्याची एक लांब अंगाची स्टेशनवॅगन होती. जीपसारखं नाक, मागे माणसं बसायला आडवी बाकं, आणि चिखलात पुढच्या चाकांनाही जोर देणारा एक वेगळा दांडा. अडलेल्या बाळंतिणी, साप चावलेली माणसं, कॉलऱ्याचे रोगी, सगळं बाबांनी त्या गाडीतून आणलं. पुढे कंपनीने ते मॉडेलच बंद केलं. सुटे भाग मिळेनात, म्हणून दवाखान्याने गाडी विकली आणि नवी घेतली. नंतर बाबाही निवृत्त झाले. आमचं गाव शेवगाव रस्त्यावर, नगरच्या पूर्वेला. तिथे बाबा दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकायचे आणि कुणाचं काय बिघडलंय ते आईला सांगायचे. आई भाकऱ्या थापत "बरं" म्हणायची.

एक दिवस त्यांना नगरच्या गॅरेजात कळलं की ती गाडी शेंडीला आहे, भंडारदरा धरणाच्या गावी. एका लाकडाच्या ठेकेदाराकडे. आणि तो विकतोय.

मी तेव्हा गावातल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. नोकरी करता करता बाहेरून बी.ए. झाले होते आणि जूनमध्ये पुण्याला बी.एड.ला जायचं ठरलं होतं. पगारातून पोस्टात टाकलेले पैसे त्याच्यासाठी होते. बाबा त्या संध्याकाळी ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसले.

"एक वरीस थांब, सुशी," ते म्हणाले. "शेवगाव ते नगर शिटा भरल्या तरी वर्षात तुजं बी.एड. गाडीच करील. लग्नसराई हाय, बाजार हाय. गाडी आपल्या दोघांची. तू मालकीन, मी ड्रायव्हर."

मालकीण या शब्दावर मी हसले. पण रात्रभर तोच शब्द डोक्यात राहिला, हे खरं. मी पोस्टातून पैसे काढले.

धाकटा भाऊ विलास बरोबर यायचा होता. निघायच्या दिवशी त्याचा व्हॉलीबॉलचा सामना निघाला.

नगरहून सकाळची एसटी धरली. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, मग अकोले, राजूर आणि शेंडी. आता हा प्रवास स्वतःच्या गाडीने दुपारच्या जेवणाआधी होतो. तेव्हा दिवस गेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुष्काळी कामं चालू होती. बायका डोक्याला फडकी बांधून खडी फोडत होत्या, लहान पोरं बाभळीला बांधलेल्या झोळ्यांत. संगमनेरला स्टँडसमोर जेवलो. भाकरी अमेरिकेतून आलेल्या, रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची होती. ज्यांनी ती खाल्ली नाही त्यांना सांगते, चव सांगण्यासारखी नाही. अकोल्याच्या पुढे मात्र डोंगर जवळ येतात, आणि राजूरला पोचेपर्यंत वाऱ्यातला फुफाटा निघून जातो. राजूरला थांबलात तर पेढे घ्या. बाबांनी आईसाठी पुडा घेतला आणि अर्धा वाटेतच संपवला.

शेंडीत ठेकेदारांच्याच घरी उतरलो. त्यांना सगळे शेठ म्हणायचे. जाडजूड, दम्याचे, बोलायला रोखठोक माणूस. गाडी अंगणात उभी होती. रंग उडालेला, एका दाराला दोरी, बाकं काढून मागे लाकडं भरलेली. बाबांनी लगेच हात लावला नाही. लांबून एक फेरी मारली, घरात आजारी माणूस असलं की आपण आधी दारातून बघतो तशी. मग बॉनेटवर तळवा ठेवला.

"शेठ, इंजिन गरम हाय."

"मघाशी जरा फिरवून आणली."

"मंग थंड हुंद्या. सकाळी बघतो."

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एवढं नक्की लक्षात ठेवा. गरम इंजिन कसलंही सुरू होतं.

सकाळी चहाच्या आधी बाबा गाडीखाली आडवे झाले होते. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वाकलीय का, कुठे वेल्डिंगचा डाग दिलाय का पाहिलं. मग गाडी सुरू केली. दोनदा खाकरली आणि लागली. मागून निघालेला धूर त्यांनी बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडे बघून पसंतीची मान डोलावली.

शेठ मला म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून तुम्हालाच सांगतो. ही गाडी बनायची बंद झाली. उद्या मागचा पिनियन गेला तर माझ्याकडे रडत यायचं नाही. मुंबईला भंगारात शोधायचा, मिळाला तर मिळाला."

"मिळल," बाबा म्हणाले.

"तुमचं वय बघता याकोबराव, शोधणार कोण?"

"माजं मी बघीन."

भावात घासाघीस झाली, ती इथे सांगत बसत नाही. माझ्या पोस्टातलं जवळजवळ सगळं आणि बाबांच्या फंडातलं थोडं, एवढ्यात गाडी आली. शेठनी कागदांवर सह्या करून दिल्या. नाव बदलायचं काम नगरला करायचं होतं.

निघण्याआधी बाबांनी मला धरणाच्या कडेने फिरवून आणलं. पाणी खूप खाली गेलं होतं, काठाला भेगाळलेल्या मातीचा रुंद पट्टा. रंधा धबधबा तर पूर्ण कोरडा, नुसता काळा कडा. उन्हाळ्यात धबधबा बघायला जाल तर फसाल, ऑगस्टात जा. पण करवंदं पिकली होती, आणि समोर रतनगड इतका स्पष्ट होता की त्याच्या खाचा दिसत होत्या. बाबांनी मुद्दाम एका चढावर गाडी उभी केली, तो वेगळा दांडा टाकला आणि दगडगोट्यांतून अशी वर काढली की मला धक्काही बसला नाही. मी त्यांना इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं. गिअर बदलताना ते गाडीशी बोलत होते. "चल माय. चल. आता कोन न्हाई तुला लाकडं लादायला."

परत येताना संगमनेर सोडलं आणि लोणीच्या अलीकडे गाडी तापली. बॉनेटमधून वाफ निघाली. जवळच खडी फोडणाऱ्या बायका होत्या आणि त्यांच्यासाठी आणलेलं पाण्याचं पिंप. बाबा डबा घेऊन तिकडे गेले. एक वयस्कर बाई हातोडी खाली ठेवून उठली.

"कशाला पानी?"

"गाडीला, माय."

"मानसं तरसत्यात आन तुमी गाडीला पाजताय व्हय?"

बाबा रिकामा डबा घेऊन परत आले. आमच्या फिरकीच्या तांब्यात प्यायचं पाणी होतं. गाडी निवेपर्यंत आम्ही चिंचेखाली बसलो आणि मग ते सगळं रेडिएटरमध्ये ओतलं. नगरपर्यंत दोघांनी कोरड्या घशाने प्रवास केला. ती बाई बरोबर बोलली होती, हे दोघांनाही कळत होतं.

निघताना बाबांनी किल्ली माझ्याकडे दिली.

"रस्ता सरळ हाय. चालव."

दवाखान्याच्या आवारात लहानपणी त्यांनी मला मांडीवर बसवून चाक धरायला शिकवलं होतं, मोठेपणी एकदोनदा क्लच-गिअरही. पण खरा रस्ता हा पहिलाच. लायसन नव्हतं. तुम्ही असलं काही करू नका. गाडी पहिल्यांदा गचका खाऊन बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली. खडीवरच्या बायका उभ्या राहिल्या आणि त्यातली एक ओरडली, "अगं बया, बाई चालवतीया!" मघाची ती म्हातारीही कपाळाला हात लावून बघत होती. मी घाबरून हॉर्न वाजवला आणि त्या सगळ्या हसल्या.

स्टिअरिंग जड होतं, दंड भरून आले. पुढून ट्रक आला की मी चाक आणखी घट्ट धरायचे. बाबा शेजारी हाताची घडी घालून बसले होते, एकदाही चाकाला हात लावला नाही. कोल्हारच्या पुलाआधी त्यांनी मला थांबवलं आणि जागा बदलली.

"हात चांगला हाय तुजा," ते म्हणाले. "विलासपेक्षा चांगला."

आयुष्यात त्यांनी माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. राहुरीपर्यंत मी बाहेर बघत होते, कारण डोळे भरले होते आणि ते त्यांना दाखवायचे नव्हते.

रात्री नगरला मावशीकडे राहिलो. सकाळी गाडी नावावर करायला कचेरीत गेलो. बाहेर कडुलिंबाखाली टायपरायटर घेऊन एक अर्ज लिहून देणारा बसायचा. पान चघळत त्याने कागद चढवला.

"घेणाऱ्याचं नाव सांगा."

बाबा म्हणाले, "विलास याकोब साळवे."

मला वाटलं त्यांची चूक झाली. मी म्हटलं, "बाबा, माझं सांगायचं."

ते माझ्याकडे न बघता टायपिस्टला म्हणाले, "लिवा तुमी."

"बाबा, पैसे माझे आहेत."

"न्हाई कोन म्हनतंय?"

"मग नाव विलासचं का?"

"हळू बोल." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "अगं, उद्या तुजं लगीन हुईल. गाडी काय सासरला नेनार हायस? पोराला काय तरी आधार नको का?"

"आपल्या दोघांची म्हणाला होतात."

"घरातच हाय ना? घरातली वस्तू घरातच ऱ्हाती."

"मग तुमच्या नावावर करा."

"माजं वय झालं. परत बदलायची कटकट."

त्यांच्याकडे सगळ्याची उत्तरं होती. म्हणजे ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसले, तेव्हाच हे ठरलेलं होतं. टायपिस्ट दोन्ही हात मशीनवर ठेवून थांबला होता. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, अहो सगळीकडे असंच असतं," आणि टाइप करायला लागला.

खाली साक्षीदाराची सही लागत होती. बाबांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"तू कर. तुजं अक्षर चांगलं हाय."

उठून जाता आलं असतं. रस्ता ओलांडला की स्टँड होतं. पण लोक बघत होते, आणि बाबा कागदावर हात दाबून वाट बघत होते. मी सही केली. पूर्ण नाव, वळणदार. कागदावर जागा असूनही माझं नाव फक्त साक्षीला आलं.

तिथून गावापर्यंत मी मागे बसले, लाकडांच्या भुशात. बाबांनी दोनदा पुढे ये म्हणून सांगितलं, मग सांगायचं सोडलं. घरी आईने गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, शेजारपाजारचे जमले, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. विलास स्टिअरिंगवर बसला आणि पोरांना घेऊन गावाला चक्कर मारून आला. मी शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. विलासने ती गाडी वर्षभर दामटली. लग्नं, बाजार, कुस्त्यांचे फड. बाबा सांगायचे, तिला जपून चालव, तो ऐकायचा नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेठ म्हणाले होते तसा मागचा पिनियन, मागच्या चाकांना जोर देणारं दातेरी चाक, गेला. बाबा दोनदा मुंबईला जाऊन आले, कुर्ल्याच्या भंगारात दिवस दिवस हिंडले आणि रिकाम्या हाताने परतले. गाडी घरामागे उभी राहिली, कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या. एका दिवाळीत विलासने ती भंगारवाल्याला दिली. नाव त्याचं होतं, कुणाला विचारायची गरज नव्हती. माझं बी.एड. झालंच नाही. आधी पैसे नव्हते, मग वय उरलं नाही, मग मीच नाद सोडला. प्राथमिक शिक्षिका म्हणूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. ज्या सासरी गाडी जाणार होती, ते सासर आलंच नाही.

त्यानंतर मी भंडारदऱ्याला पुष्कळदा गेले, शाळेच्या सहली घेऊन, मैत्रिणींबरोबर, एकटीसुद्धा. तुम्हीही जा. एसटीने गेलात तर राजूरला गाडी बदलावी लागेल, शेंडीत जेवणाचं आधी सांगून ठेवा, आणि शनिवार-रविवार टाळा. लोणीच्या अलीकडचा तो रस्ता आता चौपट रुंद झालाय. त्यावर अर्धा तास माझ्यासारखं सुखी कुणी नव्हतं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ते संपलं. आता दोन्ही एकदमच आठवतात, वेगळे करता येत नाहीत.

बाबा शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होते. विलासच्या घरी जागा नव्हती. एकदा दवाखान्यातले जुने कंपाउंडर त्यांना भेटायला आले. मी आत चहा करत होते. बाबा त्यांना सांगत होते, "ती आपली वॅगन आठवती का? मी परत घेतली हुती. माज्या पोरीनं घेऊन दिली." आवाजात इतका अभिमान होता की मी गाळणी हातात धरून तशीच उभी राहिले. मला ते हे कधी म्हणाले नव्हते.

मी चहा घेऊन बाहेर आले. बाबांनी मला पाहिलं आणि पाहुण्यांना विचारलं, "मंग, यंदा पाऊसपानी कसं काय तुमच्याकडं?"