मामांच्या बोटावरची काळी पट्टी

माझे मामा आधी ब्रशने दुकानांच्या पाट्या रंगवायचे. जुन्या जालन्यातल्या कापडाच्या आणि धान्याच्या कितीतरी दुकानांवर त्यांच्या हातची अक्षरं होती. फ्लेक्स आले आणि ते काम आटलं. मग मामांनी लेसरनं कोरायचं मशीन घेतलं. घरांच्या नावाच्या पाट्या, शाळांच्या ट्रॉफ्या, लग्नात भेट द्यायच्या लाकडी फोटोफ्रेमा त्यावर व्हायला लागल्या. कॉम्प्युटरवर नक्षी मामी काढायच्या, मशीन मामा चालवायचे. खाली दुकान, वर घर. सुट्टीत मी मंठ्याहून त्यांच्याकडे यायचे, तेव्हा मशीनच्या झाकणाच्या काचेतून फळीवर पळणारा तो ठिणगीएवढा ठिपका बघत तासन्‌तास उभी राहायचे. करपलेल्या लाकडाचा वास कपड्यांना लागायचा. तो मला आवडायचा.

पुढे मी पुण्यात संशोधनाला लागले आणि काम मिळालं तेही लेसरचंच. सर्किटला गुंडाळतात ती सोनेरी रंगाची, उष्णता सोसणारी चिकटपट्टी असते. तिच्यावर लेसर फिरवला की वरचा थर जळून कोळशासारखा काळा होतो. पण तो साधा कोळसा नसतो, त्यातून वीज वाहते. ग्राफीन म्हणतात त्याला. लेसर जिथे फिरेल तिथेच ते तयार होतं, म्हणजे हवी ती तार, हवी ती आकृती पट्टीवर सरळ छापता येते. आणि पट्टी जराशी वाकवली तरी तिच्यातून जाणारी वीज कमीजास्त होते. हे मी एकदा मामांना फोनवर समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हंजे तू बी पाट्याच करून राह्यली की!"

मागच्या वर्षी मामांना नसांचा आजार झाला. पायाला मुंग्या येण्याचं निमित्त झालं आणि बघता बघता हातापायांतली ताकद गेली. श्वासासाठी गळ्याला छेद देऊन नळी घातली. जिवावरचं टळलं. डॉक्टर म्हणाले, ताकद परत येईल, पण हळूहळू. घरी आणलं तेव्हा गळ्यात नळी, त्यामुळे आवाज नाही. मान थोडी वळायची आणि उजव्या हाताची तर्जनी किंचित वाकायची. बाकी सगळं अंग गादीवर ठेवल्यासारखं पडून.

मी भेटायला गेले तर दुकानाचं शटर बंद. मामी पलंगाजवळ बसलेल्या.

"दुकान कसं उघडू गं?" मामी म्हणाल्या. "यांना काही पाहिजे असलं तर हाक मारता येत न्हाई. मी सैपाकघरात गेले तरी जीव इकडंच ऱ्हातो."

मी बाजारातून बेलचं बटण आणून मामांच्या हाताखाली ठेवलं. बोट बटणावर टेकलं, पण दाबायची ताकदच नव्हती. मामांनी डोळे मिटून घेतले. मला ते बघवेना. तेव्हा सुचलं, दाबता येत नाही, पण बोट वाकतं तर आहे.

पुढच्या खेपेला मी ती सोनेरी पट्टी आणि पट्टी वाकली की घंटी वाजवणारं एक छोटं सर्किट घेऊन आले. मामींनी मशीनवर झाकलेली चादर काढली. उरलेल्या फरशीच्या तुकड्यावर पट्टी चिकटवली आणि एक्झॉस्ट फॅन लावला. आमच्या प्रयोगशाळेतला लेसर नाजूक, मामांचा लाकूड कापणारा. पहिल्याच फेरीत पट्टीला भोकं पडली. लेसरची ताकद कमी केली तर नुसती तपकिरी झाली, वीज वाहीना. मामी शेजारी उभ्या राहून एकेक आकडा बदलत होत्या. शेवटी मखमलीसारखी काळी रेघ उठली. मीटरची टोकं लावली आणि वीज वाहत असल्याचा आकडा दिसला.

"बराबर आलं का?"

"आलं, मामी!"

"मंग ही नागमोडी रेघच ठेवणार का? त्यांच्या बोटाला बांधायचं हाय, जरा नीट काढू." असं म्हणून त्यांनी पट्टीच्या टोकाला एक पिंपळपान काढलं. पानाचं काही काम नव्हतं. मी ते तसंच छापलं.

काळा थर निघू नये म्हणून वर पातळ रबराचा लेप दिला, दोन तारा जोडल्या आणि पट्टी मामांच्या तर्जनीवर चिकटवली. मामांनी आधी पानाकडे बघितलं, मग मामींकडे.

सर्किट चालू केलं मात्र, घंटी वाजायला लागली ती थांबेचना. बोटाच्या नुसत्या थरथरीनंही ती वाजत होती. शेजारीण दारात येऊन उभी राहिली. मामी कानावर हात ठेवून ओरडल्या, "बंद कर जल्दी!" मामा मात्र हसत होते. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते. दवाखान्यातून आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते.

थरथर कोणती आणि वाकवणं कोणतं, हे सर्किटला शिकवण्यात दुपार गेली. मग मी म्हणाले, "मामा, आता वाकवा." घंटी एकदा वाजली आणि थांबली. "परत." परत वाजली. मामी पदर तोंडाला लावून खिडकीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी घंटी खाली दुकानात टांगली आणि शटर उघडलं. मामी कॉम्प्युटरसमोर बसल्या. घंटी वाजली की जिना चढून वर. कधी कूस बदलायची असायची, कधी पंखा कमी करायचा असायचा. एकदा मी तिथेच होते. मामी धापा टाकत वर आल्या. "पाणी पाहिजे?" मान नाही म्हणाली. "उशी?" नाही. "मंग काय पाहिजे?" मामा नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. मामींना कळायला जरा वेळ लागला. "गिऱ्हाईक बसलंय खाली," त्या रागावून म्हणाल्या, पण पलंगाच्या कडेला टेकल्या. बऱ्याच वेळानं उठल्या.

पट्ट्या वापरून तडकायच्या. मी पुण्यात असताना नव्या पट्ट्या मामीच छापायच्या. पिंपळपानाच्या जागी कधी मोर आला, कधी आंबा. प्रत्येकीचा फोटो मला यायचा. मी तो माझ्या सरांना दाखवला, तर ते मोराकडे बघून म्हणाले, "हा कशासाठी?" मी म्हणाले, "पेशंटसाठी."

हिवाळ्यात मामांची नळी निघाली. आवाज आधी फुंकरीसारखा होता, मग घोगरा झाला. आता ते काठी धरून खाली येतात, मामींच्या मागं खुर्ची टाकून बसतात आणि पाटीवरच्या अक्षरांत चुका काढतात. परवा मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा मागून त्यांचा आवाज येत होता. वेलांटी मोठी झाली म्हणून काहीतरी चाललं होतं.

"ऐकलं का?" मामी म्हणाल्या. "घंटी बरी होती बाई."

आणि फोन तसाच हातात धरून त्यांनी वेलांटी छोटी केली.