अर्धी भरलेली हंडी

बारामतीच्या प्रयोगशाळेत मी हरभऱ्याच्या बियाण्याला लावायचे जिवाणू वाढवायचो. खरं तर मारायचो. चंबू काठोकाठ भरून वर रबरी बूच ठोकायचो. साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा मेले तर घरी बसा.

डाळज गावाहून नव्यानंच सुरू झालेल्या एसटीतून परतताना शेजारी एक भोई होता. मांडीवर अर्धी भरलेली हंडी, आत माशांची पिल्लं. तो हातानं सारखं पाणी थापटत होता. माझी विजार भिजली.

"अहो, थांबा की!"

"थांबलो तर गुदमरत्यात, सायेब."

"मग हंडी काठापर्यंत भरायची!"

"आन् वारा कुठं मावंल?"

दुसऱ्या दिवशी मी चंबू पाव भरला, कापसाचा बोळा लावला आणि हलवत बसलो. जिवाणू वाढले, नोकरी वाचली.

"कुठं शिकलात?" साहेबांनी विचारलं.

"पुस्तकात," मी ठोकून दिलं.

जन्मभर पोट भरलं ते त्या भोयाच्या जिवावर, हे आज कबूल करतो.